औषधापलीकडचा खर्च

लहान मुलालाही कर्करोग होऊ शकतो, हे अनेक कुटुंबांना निदानाच्या दिवशीच प्रथम कळते. कर्करोग म्हणजे उतारवयाचा किंवा तंबाखूसारख्या व्यसनातून येणारा आजार, ही समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. बालकांच्या बाबतीत ती लागू पडत नाही. मुलाने काही चुकीचे खाल्ले, आईने गर्भारपणात हयगय केली, कोणाची दृष्ट लागली, असे कोणतेही कारण त्यामागे नसते. शरीरातील पेशींच्या वाढीचा क्रम बिघडतो, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत तो का बिघडला हे वैद्यकशास्त्रालाही सांगता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख बालके व किशोरवयीन मुले या आजाराने ग्रासली जातात. श्रीमंत देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. आजार तोच आणि औषधेही बहुतांशी तीच असताना एवढे अंतर का पडावे? निदानास होणारा उशीर, चुकीचे निदान आणि तज्ज्ञ केंद्रांचा अभाव ही कारणे आहेतच. त्यांच्या जोडीला आणखी एक कारण आहे आणि ते रुग्णालयाच्या भिंतीबाहेर घडते. अनेक मुलांचे उपचार अर्ध्यावर सुटतात. या कारणाचे निवारण डॉक्टरांपेक्षा समाजाच्या हाती अधिक आहे, म्हणून दान करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ते समजून घेणे अगत्याचे ठरते.

बरा होऊ शकणारा आजार

रक्ताचा कर्करोग, अर्थात ल्युकेमिया, हा बालकांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग होय. १९४८ पूर्वी या आजाराचे निदान झालेले मूल बहुधा काही आठवड्यांचे वा महिन्यांचेच सोबती असे. त्या वर्षी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी एका नव्या औषधाने काही मुलांचा आजार तात्पुरता का होईना, मागे हटवल्याचे प्रसिद्ध केले. ते औषध ज्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले, तेथील संशोधनाची धुरा डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होती. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही या उपचाराचा एक आधारस्तंभ आहे.

तेव्हापासून औषधांचे क्रम, मात्रा आणि जोड्या बसवत बसवत वैद्यकशास्त्र येथवर आले आहे. बालकांमधील ल्युकेमियाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार, हॉजकिन लिम्फोमा, मूत्रपिंडातील विल्म्स ट्यूमर आणि डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा हे आजार वेळेवर व पूर्ण उपचार मिळाल्यास मोठ्या प्रमाणावर बरे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी स्वतंत्र मोहीम हाती घेतली. २०३० पर्यंत जगभरातील किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे तिचे उद्दिष्ट आहे.

मात्र येथे ‘पूर्ण’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. ल्युकेमियाच्या नेहमीच्या प्रकारात उपचार सुमारे दोन ते अडीच वर्षे चालतात. त्यांतील पहिले सहा ते आठ महिने अतिशय कठीण असतात. या काळात मूल कधी रुग्णालयात दाखल असते, तर कधी बाहेर राहून ठरलेल्या दिवशी तपासणीस व औषधास येते. औषधांमुळे रोगप्रतिकारशक्ती घटते आणि साधा तापही काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणून डॉक्टर रुग्णालयाजवळच राहण्यास सांगतात. मुंबईचे मूल असेल तर गोष्ट वेगळी. परंतु धुळे, नांदेड, बिहार किंवा आसाममधून आलेल्या कुटुंबासाठी या एका सूचनेचा अर्थ संपूर्ण संसार उचलून परक्या शहरात आणणे, असा होतो.

उपचार का सुटतात?

उपचार सुरूच न करणे किंवा सुरू केल्यावर सलग चार आठवडे वा त्याहून अधिक काळ खंड पडणे, यास वैद्यकीय परिभाषेत उपचार सोडून देणे असे म्हणतात. आईबापांना मुलाची पर्वा नसते म्हणून असे घडते, हा समज सर्वस्वी अन्यायाचा आहे. त्यामागे जमाखर्चाचे साधे गणित असते.

एखादा शेतमजूर, रिक्षाचालक किंवा दुकानातील नोकर मुलाला घेऊन मुंबईस येतो. पहिल्याच दिवसापासून त्याची जमेची बाजू बंद होते, कारण रोजंदारी थांबते. खर्चाची बाजू मात्र रोज वाढते. खोलीचे भाडे दिवसाला केवळ ५०० रुपये धरले तरी सहा महिन्यांचे ९० हजार रुपये होतात. त्यात तिघांचे जेवण, रुग्णालयात जाण्यायेण्याचे भाडे, बाहेरून कराव्या लागणाऱ्या तपासण्या आणि गावी ठेवलेल्या इतर मुलांचा खर्च मिळवावा लागतो. यांपैकी बहुतेक रकमा रुग्णालयाच्या बिलात कधीच दिसत नाहीत. प्रथम गाठीची शिल्लक संपते, मग दागिने गहाण पडतात, मग गावच्या सावकाराचे कर्ज, आणि शेवटी जमिनीचा तुकडा. काही कुटुंबे पैसे वाचावेत म्हणून रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर राहतात. जंतुसंसर्गाच्या भीतीने ज्या मुलाला स्वच्छ खोलीत ठेवावयास हवे, ते मूल धूळ, पाऊस आणि डास यांच्यामध्ये झोपते.

त्यातच एक फसवा क्षण येतो. पहिल्या महिन्याच्या औषधांनी मूल टवटवीत दिसू लागते आणि रक्ताचा अहवालही चांगला येतो. मूल बरे झाले, आता घरी न्यावे, असे दमलेल्या बापाला वाटते. वस्तुतः शरीरात दडून राहिलेल्या रोगपेशी नाहीशा करण्यासाठीच पुढचे दीड-दोन वर्षांचे उपचार असतात. ते सुटले की आजार बहुधा उलटतो, आणि उलटलेला आजार पहिल्यापेक्षा हट्टी व उपचारास कितीतरी अधिक महाग असतो. पहिल्या टप्प्यावर सरकारने, रुग्णालयाने आणि दात्यांनी केलेला सारा खर्चही तेथे व्यर्थ जातो. निम्म्यावर सोडलेली इमारत निदान निम्मी उभी राहते. निम्म्यावर सोडलेल्या उपचारातून बहुधा काहीच उरत नाही.

परळची परंपरा

भारतातील कर्करोग उपचारांचा इतिहास दानातूनच घडलेला आहे. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली ल्युकेमियाने निधन झाले. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी त्यांच्या स्मरणार्थ या आजाराच्या संशोधनासाठी निधी उभारला, आणि पुढच्याच वर्षी त्यांनीही देह ठेवला. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टने परळ येथे कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय बांधले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले तेथे येतात.

रुग्णालयाभोवती सेवाभावी संस्थांचे एक वर्तुळच तयार झाले. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून या क्षेत्रात आहे आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून. दादर येथील संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा रुग्ण व त्यांच्या नातेवाइकांचा मोठा आसरा आहे. गाडगेबाबांनी देवळांऐवजी धर्मशाळा बांधण्यावर भर दिला, त्या दूरदृष्टीचे मोल तेथे मुक्कामास असलेल्या कुटुंबांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. हरखचंद सावला यांनी उभा केलेला जीवनज्योत कॅन्सर रिलीफ अँड केअर ट्रस्ट १९८३ पासून रुग्ण व त्यांच्या सोबत्यांना मोफत भोजन पुरवीत आला आहे. औषधपेढी आणि मुलांसाठी खेळण्यांची पेढी असे उपक्रमही या ट्रस्टने चालविले. भुकेल्या माणसाला उपदेश नको, पानात वाढलेले अन्न हवे, ही व्यापारी पेठांतील जुनी शिकवण येथे रोज दोन वेळा आचरणात येते.

बालरुग्णांच्या निवाऱ्यासाठी निहाल व श्यामा कविरत्ने या दांपत्याने २००६ साली मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था सुरू केली. परगावाहून उपचारास आलेल्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना तेथे विनामूल्य राहता येते. प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र जागा आणि सर्वांना मिळून स्वयंपाकघर असते. कुटुंबाला शिधा दिला जातो आणि आई आपल्या हाताने, आपल्या चवीचे, ताजे अन्न शिजवते. रुग्णालयात ने-आण, मुलांचे शिक्षण आणि समुपदेशन यांचीही व्यवस्था असते. परळपासून जवळच्या कॉटन ग्रीन भागात या संस्थेचा मोठा परिसर आहे, आणि मुंबईबाहेर इतर शहरांतही तिची केंद्रे उभी राहिली आहेत. एका घरातील बापाला जे कळत नाही ते शेजारच्या घरातील, उपचारांचे एक वर्ष ओलांडलेला बाप सांगतो. घरी परत जाण्याचा विचार मनात आलेल्या कुटुंबाला असा शेजार फार मोठा आधार देतो.

या सर्व प्रयत्नांना एका सूत्रात ओवण्याचे काम टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागाने २०१० च्या सुमारास हाती घेतले. ‘इम्पॅक्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपक्रमात मूल नोंदले गेल्याच्या दिवसापासूनच कुटुंबाची चौकशी होते. राहण्याची सोय आहे काय, औषधांना पैसे कोठून येणार, आहार कसा आहे, रक्त लागले तर काय, हे विचारले जाते आणि त्यानुसार योग्य संस्थेशी गाठ घालून दिली जाते. मूल ठरलेल्या दिवशी आले नाही तर दूरध्वनी करून विचारपूस होते. या रुग्णालयात पूर्वी साधारण पाचांतील एका मुलाचे उपचार सुरू होत नसत किंवा मध्येच सुटत. पुढील काही वर्षांत हे प्रमाण शेकडा पाचाच्या आसपास आले. हा बदल एखाद्या नव्या औषधाने घडलेला नाही. खोली, शिधा, प्रवासभाडे आणि आपुलकीची चौकशी यांनी तो घडवला.

सरकारी योजना आणि उरलेली दरी

‘सरकारी योजना असताना दानाची गरज काय?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दात्याने समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. देशपातळीवर २०१८ पासून आयुष्मान भारत योजना असून तीत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. २०२३ मध्ये राज्याच्या योजनेची मर्यादाही दीड लाखावरून ५ लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्यात, अशी कायद्याची तरतूद आहे. पंतप्रधान व मुख्यमंत्री सहायता निधीतूनही मदत मिळते. रेल्वेने उपचारास जाणाऱ्या कर्करुग्णास शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाडे माफ आहे, तर त्याच्या सोबत्यास या श्रेणींत ७५ टक्के सवलत आहे.

औषधांच्या किमतींबाबतही चांगले प्रयत्न झाले आहेत. देशातील कर्करोग केंद्रांचे नॅशनल कॅन्सर ग्रिड हे जाळे २०१२ मध्ये स्थापन झाले. त्यातील केंद्रांनी ४० औषधांची खरेदी एकत्रितपणे केली, तेव्हा खर्चात ८० टक्क्यांहून अधिक बचत झाली. घाऊक खरेदीचे बळ काय असते हे व्यापारी कुटुंबांना सांगावयास नकोच.

तरीही दरी उरते. योजनांचा पैसा मुख्यत्वे रुग्णालयातील उपचारांसाठी असतो. निदान होण्यापूर्वी गावोगावच्या डॉक्टरांकडे झालेला खर्च, खोलीभाडे, जेवण आणि बुडालेली मजुरी यांची भरपाई त्यातून होत नाही. शिधापत्रिकेवरील नावातील एखाद्या अक्षराची चूक, आधारकार्डावरील जुना पत्ता किंवा तहसील कार्यालयातून यावयाचा उत्पन्नाचा दाखला यापायी मंजुरी अडते. केमोथेरपीला मात्र दाखला येईपर्यंत थांबून चालत नाही. अशा वेळी कागदपत्रांचा जाणकार असा एक स्वयंसेवक आणि मंजुरी येईपर्यंतचे आठ-पंधरा दिवस निभावून नेणारी थोडी रक्कम, एवढ्यानेही मुलाचे उपचार वेळेवर सुरू होतात. जिल्ह्याच्या गावी, बँकेत, विमा कार्यालयात किंवा शासकीय खात्यात उमेदीची वर्षे घालवलेली किती तरी निवृत्त मंडळी आहेत. अर्ज भरणे, त्रुटी शोधणे आणि पाठपुरावा करणे हे त्यांच्या हातचे काम आहे. तेही दानच होय.

दान कसे असावे?

जैन परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. बालकर्करोगाने ग्रासलेल्या कुटुंबाच्या गरजा पाहिल्या तर त्या याच चार खात्यांत जवळजवळ तंतोतंत बसतात. शिधा, औषधे, आजाराची खरी माहिती व मुलाचे शिक्षण, आणि ‘आपण एकटे नाही’ हा दिलासा. यांपैकी औषधाला दाते त्यामानाने लवकर मिळतात. उरलेल्या तिन्ही खात्यांत तूट राहते.

दुसरी तूट सातत्याची आहे. वाढदिवस, पुण्यतिथी, पर्युषण, महावीर जन्मकल्याणक या दिवशी दानाचा ओघ वाहतो. फळे वाटली जातात, छायाचित्रे निघतात. उपचार मात्र तिथी पाहून चालत नाहीत. ज्या संस्थेला दरमहा निश्चित रक्कम मिळते तिलाच पुढच्या अठरा महिन्यांसाठी एखाद्या मुलाची जबाबदारी घेता येते. म्हणून वर्षातून एकदा दिलेल्या २४ हजारांपेक्षा दरमहा बँकेतून आपोआप जाणारे २ हजार रुपये संस्थेला नियोजनास अधिक उपयोगी पडतात. ज्यांना मोठी रक्कम देणे शक्य आहे त्यांनी कायम निधीचा विचार करावा. १० लाख रुपयांच्या निधीवर शेकडा ७ दराने वर्षाला ७० हजार रुपये व्याज येते. मुद्दल अबाधित राहते आणि एका कुटुंबाच्या शिध्याची व प्रवासाची सोय वर्षानुवर्षे होत राहते. आजोबांच्या नावाची पाटी भिंतीवर लागण्यापेक्षा असा निधी त्यांचे नाव अधिक काळ टिकवील.

रक्तदानाच्या बाबतीत हा सातत्याचा मुद्दा आणखी ठळक होतो. केमोथेरपी चालू असताना मुलांना वारंवार प्लेटलेट द्याव्या लागतात, आणि रक्तपेढीत प्लेटलेट केवळ पाच दिवस टिकतात. एका रविवारी शिबिरात तीनशे पिशव्या रक्त गोळा झाले, तरी त्यातून मिळालेल्या प्लेटलेटचा उपयोग पुढच्या रविवारी होत नाही. त्यामुळे शिबिरांच्या जोडीला, बोलावताच येणाऱ्या आणि यंत्राद्वारे केवळ प्लेटलेट देणाऱ्या दात्यांची यादी प्रत्येक मंडळाने रक्तपेढीच्या साह्याने तयार करावी. संपूर्ण रक्त दिल्यावर पुरुषांना तीन महिने व स्त्रियांना चार महिने थांबावे लागते. प्लेटलेटच्या दात्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याहून बरेच लवकर पुन्हा देता येते. तीस-चाळीस तरुणांची अशी एक यादी एखाद्या बालविभागाला वर्षभर मोठा आधार देऊ शकते.

व्यवहाराची बाजूही सांभाळली पाहिजे. मदतीची आवाहने आता मोबाइलवर रोज येतात. त्यांत खरी असतात तशी खोटीही असतात. रक्कम शक्यतो रुग्णालयात त्या रुग्णाच्या नावे असलेल्या खात्यात किंवा नोंदणीकृत संस्थेच्या बँक खात्यातच भरावी. संस्थेचे लेखापरीक्षित हिशेब मागावेत. हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे. चांगली संस्था ते आनंदाने दाखवते. ८० जी खाली आयकर सवलत हवी असल्यास २ हजार रुपयांवरील देणगी रोखीने देऊ नये, आणि संस्थेकडून आयकर विभागाच्या प्रणालीतून निघणारे देणगी प्रमाणपत्र अवश्य घ्यावे. नव्या करप्रणालीचा पर्याय स्वीकारलेल्यांना ही सवलत मिळत नाही. अर्थात सवलत नाही म्हणून दान आखडते घ्यावे, असे कोणत्याही घरात शिकवलेले नसते.

देण्यातील विवेक

घेणाऱ्याचा मान राखणे हा दानाचा अर्धा भाग आहे. केस गळलेल्या मुलाचे छायाचित्र समूहावर टाकणे, पाकीट देताना कॅमेऱ्याकडे पाहण्यास लावणे, ‘किती दिवस सांगितलेत?’ असे मुलाच्या देखत विचारणे, या गोष्टी नकळत घडतात आणि खोल जखम करतात. मुलाला सर्व काही ऐकू येत असते आणि बरेचसे समजतही असते.

बाहेरचे अन्न, कापलेली फळे, उघडी मिठाई, जुनी धूळ भरलेली खेळणी यांपासून या मुलांना संसर्गाचा धोका असतो. जे द्यावयाचे ते रुग्णालयाच्या समाजसेवा विभागास विचारून द्यावे. कित्येकदा त्यांची खरी गरज अगदी साधी असते. पौष्टिक आहाराची पाकिटे, अंगावर बदलावयाचे कपडे, गावी जाण्याचे तिकीट, एवढेच. घरगुती उपाय, जडीबुटी आणि ‘अमक्याला अमक्याने गुण आला’ अशा गोष्टी तर मुळीच सांगू नयेत. आधीच घाबरलेल्या कुटुंबाला एवढ्यानेही उपचारांपासून दूर नेले जाऊ शकते.

ज्यांच्या दुकानात, गोदामात वा कारखान्यात माणसे कामाला आहेत त्यांच्यावर एक जवळचे कर्तव्य आहे. नोकराच्या मुलास असा आजार झाला तर त्याची जागा राखून ठेवावी, पगाराची उचल द्यावी आणि परतफेड सोयीने घ्यावी. ज्यांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते त्यांनी प्रत्येक कामगाराची व त्याच्या कुटुंबीयांची नोंद आधीच पूर्ण करून ठेवावी. नोकरी शाबूत आहे, एवढ्या एका खात्रीनेही एखादा बाप मुलासोबत शहरात टिकून राहू शकतो.

उपचार संपल्यावर

सर्व मुले वाचत नाहीत, हे सत्य टाळता येत नाही. उपचारांची मर्यादा आली की मुलाच्या वेदना शमवणे, त्याला घरी आपल्या माणसांत ठेवणे आणि आईवडिलांना सावरणे हेच काम उरते, आणि ते उपचारांइतकेच मोलाचे असते. वेदनाशामक औषधे, घरी येणारी परिचारिका, गावी परतण्यासाठी रुग्णवाहिका यांसाठी पैसा लागतो. परंतु या खात्याला दाते फार थोडे मिळतात, कारण तेथे यशाची बातमी नसते. मागे राहिलेल्या भावंडांच्या शाळेची फी भरणे आणि कर्जाच्या एखाद्या हप्त्याला हातभार लावणे, ही मदत कुटुंबाला पुन्हा उभे करते.

जी मुले बरी होतात त्यांचीही वाट लगेच सरळ होत नाही. उपचारांचे काही परिणाम अनेक वर्षांनी दिसू शकतात. म्हणून टाटा रुग्णालयात १९९१ पासून उपचार पूर्ण केलेल्या मुलांसाठी स्वतंत्र तपासणी विभाग चालतो. बरे झालेल्या तरुणांनी इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने ‘उगम’ हा आपला गट उभा केला आहे. त्यांतील तरुण आज उपचार घेणाऱ्या मुलांना भेटून धीर देतात. जो स्वतः त्या खाटेवर झोपून उठला आहे त्याच्या शब्दाला जे वजन असते ते दुसऱ्या कोणाच्या शब्दाला कोठून येणार?

या तरुणांना पैशांहून अवघड असे काही हवे असते. शाळेत शेजारी बसू देणारा सोबती, पात्रता पाहून नोकरी देणारा मालक, आणि विवाहाचा प्रस्ताव आला असता आजाराचा इतिहास ऐकूनही विचार करणारे घर. कर्करोग संसर्गाने पसरत नाही. बालपणी झालेले बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात. शंका असल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारण्याचा सरळ मार्ग खुला आहे. तरीही अनेक कुटुंबे मुलीचा, आणि मुलाचाही, हा आजार वर्षानुवर्षे लपवून ठेवतात, कारण तो उघड झाला तर स्थळे येणार नाहीत ही भीती त्यांना वाटते. ती भीती निराधार नाही. ती निर्माण करणारी माणसे आपल्यातच आहेत. परक्या मुलाच्या उपचारांसाठी मोकळ्या हाताने देणगी देणारे घरही, तेच मूल मोठे होऊन सून वा जावई म्हणून दारी येण्याची वेळ आली की मागे सरते.

दानाची खातेवही येथे पुन्हा तपासून पाहावयास हवी. खोलीभाडे, शिधा, औषध, रक्त या सर्व नोंदी जमेच्या असतील. परंतु ज्या मुलाला जगवण्यासाठी त्या केल्या, त्याला समाजात बरोबरीची जागा दिली नाही तर हिशेब पूर्ण झाला असे कोणताही प्रामाणिक हिशेबनीस म्हणणार नाही. एखाद्या मुलाच्या अडीच वर्षांच्या उपचारांत सोबत करणे अनेक कुटुंबांना शक्य आहे. बऱ्या झालेल्या त्या मुलाला इतर मुलांसारखेच मानणे मात्र प्रत्येक कुटुंबाला शक्य आहे, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.